गाठ मानेत, खूण कानामागं

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. पाच आठवडे झाले, तिच्या डाव्या जबड्याखाली गाठ आली आहे. आधी चिंचोक्याएवढी होती, आता सुपारीपेक्षा मोठी झाली. हात लावला की दुखते म्हणते. पहिल्या आठवड्यात दोन दिवस कणकण होती, नंतर ताप नाही. खानापुरात दाखवलं, दोन वेळा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या, फरक नाही. मग बेळगावला सुई घालून तपासलं. त्यात 'ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस' असं आलंय. हातावर टोचून बघायची टीबीची चाचणी १२ मिलीमीटर आली. छातीचा फोटो चांगला आहे. सहा महिने टीबीच्या गोळ्या सांगितल्यात, सोमवारपासून सुरू करायच्या. गावात बातमी झाली, शेजारच्या पोरी तिच्याशी खेळायला येईनात. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं केलंय. त्या म्हणतात, मळणीच्या वेळी गवताच्या गंजीत सापडलेलं मांजराचं पिल्लू दिवसभर घेऊन बसते, त्याचा केस पोटात गेला म्हणून हे झालं. मालक म्हणतात, पिल्लू पोत्यात घालून मलप्रभेपलीकडं सोडून येतो. पोरगी रडते, जेवत नाही. गोळ्या सुरू कराव्या का? रिपोर्टचा आणि गाठीचा फोटो पाठवलाय.
एक आई

उत्तर

ताई, सोमवार जवळ आला आहे म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. गोळ्या सुरू करण्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. गाठीतून काढलेल्या नमुन्याची टीबीच्या जंतूसाठी नेमकी तपासणी, आणि मांजराची गोष्ट तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालणं. हे दोन्ही होऊन टीबीच ठरला तर सहा महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या द्या, त्यात माझं दुसरं मत नाही. त्यापायी आठ-दहा दिवस गेले तर ताप नसलेल्या, हिंडत्या-फिरत्या मुलीचं बिघडत नाही. मात्र तिचं वजन उतरत असेल, रात्री घामानं कपडे भिजत असतील किंवा खोकला धरला असेल, तर ही सवड नाही, उद्याच डॉक्टर गाठा. आणि हे वाचेपर्यंत गोळ्या सुरू झाल्याच असतील तर स्वतःच्या मनानं थांबवू नका. ज्यांनी सुरू केल्या त्यांच्याशी बोलून काय ते ठरवा.

आता मला शंका का आली ते सांगते. गाठ नीट दिसावी म्हणून तुम्ही मुलीचा डाव्या बाजूनं फोटो काढला. पिल्लू खाली ठेव म्हटलं असेल, तिनं ठेवलेलं नाही. ते तिच्या डाव्या खांद्यावर बसलंय, तोंड तिच्या केसांत, आणि पुढचा एक पंजा बरोबर कानाच्या पाळीखाली टेकलेला. पंज्याची नखं बाहेर आहेत. पडू नये म्हणून पिल्लं धरतातच तशी. त्या नखांपासून गाठीपर्यंत चार बोटांचंही अंतर नाही. रिपोर्ट बाजूला ठेवून मी तो फोटोच मोठा करून बघत बसले.

सासूबाईंचा संशय योग्य जनावरावर आहे, फक्त वाट चुकली. मांजराचा केस पोटात जाऊन मानेत गाठ येत नाही. पण त्यांनाच विचारा, अवधाण म्हणजे काय. त्या पटकन सांगतील: पायाला काटा मोडला, जखम चिघळली की जांघेत गाठ येते, ते अवधाण. बोट पिकलं की काखेत येतं. दुखणं एकीकडं आणि गाठ दुसरीकडं, हे आपल्या आज्यांना डॉक्टर येण्याआधीपासून ठाऊक आहे. मानेतल्या गाठींचंही तसंच. डोकं, कान, गाल, दात, घसा इथलं पाणी मानेतल्या ग्रंथींमधून गाळून पुढं जातं. त्या भागात कुठूनही जंतू शिरला की तिथली जवळची ग्रंथी फुगते. म्हणून मानेत गाठ घेऊन कुणी आलं की मी आधी गाठ चाचपतच नाही. केसांत बघते, उवा किंवा खांडुकं आहेत का. कानामागं बघते. तोंड उघडायला लावून किडलेली दाढ शोधते. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे कुणी केलं का, ते पत्रात नाही.

तर आज संध्याकाळी उजेडात तिचे केस बाजूला करून डाव्या कानाच्या पुढं, मागं, पाळीखाली, गालावर आणि डोक्याच्या कातडीवर नीट बघा. मोहरीएवढी वाळलेली पुळी, खपली, किंवा फिकट तांबूस ठिपका दिसतोय का? मांजराचं नख लागलं की ३ ते १० दिवसांत त्या जागी बारीक पुळी येते. डास चावला असेल म्हणून कुणी लक्ष देत नाही. पुढच्या एक ते तीन आठवड्यांत जवळची ग्रंथी सुजते, आणि तोवर पुळी बरेचदा वाळूनही गेलेली असते. आता पाच आठवड्यांनी ती सापडली नाही तरी नवल नाही. पोरीला रागावून विचारू नका, नाहीतर पिल्लू वाचवायला ती साफ 'नाही' म्हणेल. 'हे कधी नख मारतं का गं?' एवढंच, भाकरी थापता थापता विचारा.

या आजाराला डॉक्टर मंडळी कॅट स्क्रॅच डिसीज म्हणतात, आपण मांजराच्या ओरखड्याचा ताप म्हणू, जरी ताप सगळ्यांना येत नाही. पॅरिसमधले बालरोगतज्ज्ञ रोबेर दब्रे यांनी १९५० मध्ये तो पहिल्यांदा नीट मांडला. पण जंतू कोणता हे कळायला आणखी तीस-चाळीस वर्षं गेली. १९८३ मध्ये गाठीच्या तुकड्यात चांदीच्या रंगद्रव्यानं तो दिसला आणि १९९० नंतर त्याला बार्टोनेला हेन्सेले हे नाव मिळालं. हा जंतू मांजराच्या रक्तात राहतो आणि मांजराला बहुधा काहीच होत नाही. एका मांजराकडून दुसऱ्याकडं तो पिसवा नेतात. पिसवांची घाण मांजराच्या अंगावर, खाजवताना नखांत, आणि नखांतून पोरांच्या कातडीत. वर्षाच्या आतली पिल्लं, त्यातून उकिरड्यावर किंवा गंजीत जन्मलेली, यांच्या अंगात तो असण्याची शक्यता जास्त. तुमच्या पिल्लाची जन्मपत्रिका अशी अगदी जुळते.

आता रिपोर्ट. 'ग्रॅन्युलोमॅटस' हा शब्द वाचला की आपल्याकडं सगळ्यांच्या डोक्यात टीबीच येतो, आणि त्यात तुमच्या डॉक्टरांची चूक काढणार नाही. आपल्या देशात महिना-महिना न जाणाऱ्या मानेच्या गाठीचं कारण बऱ्याचदा टीबीच असतं. जुनी माणसं त्यालाच गंडमाळा म्हणत. पण ग्रॅन्युलोमा म्हणजे सहज न मरणाऱ्या शत्रूभोवती शरीरानं घातलेलं पेशींचं कुंपण. आत टीबीचा जंतू असू शकतो, तसा मांजराचाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्या मोठ्या शब्दाखाली आणखी दोन ओळी आहेत, त्या कुणी तुम्हाला वाचून दाखवल्या नसाव्यात. एका ओळीत लिहिलंय की कुंपणाच्या मधोमध पुवाच्या पेशी भरपूर आहेत. दुसरीत, की टीबीच्या जंतूचा खास रंग देऊन बघितला, जंतू दिसला नाही. मधे पू आणि भोवती ग्रॅन्युलोमा, हे चित्र मांजराच्या आजारात नेहमीचं. टीबीत असं कधी होतच नाही असं मात्र नाही. आणि रंग देऊन जंतू न दिसणं हे टीबी नसल्याचा पुरावा नव्हे, कारण मानेच्या गाठीत टीबीचे जंतू थोडेच असतात.

हातावरची चाचणी १२ मिलीमीटर आली, म्हणजे टीबीच्या जंतूशी, किंवा बीसीजीच्या लशीतल्यासारख्या त्याच्या भाऊबंदांशी, तिच्या शरीराची कधीतरी ओळख झाली असावी. एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडं अशी ओळख असलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना टीबी कधीच होत नाही. ही गाठ त्या जंतूचीच, हे ती चाचणी सांगू शकत नाही. घरात किंवा शेजारात गेल्या दोन वर्षांत कुणाला टीबी झाला होता का, हे मात्र आठवून सांगा. ते १२ मिलीमीटरपेक्षा महत्त्वाचं आहे.

'टीबीच्या गोळ्या देऊन तर बघू, गाठ गेली तर टीबीच होता' असं म्हणणारे भेटतील. मला या म्हणण्याची फार चीड आहे, आणि त्याला कारण आहे. मांजराच्या आजाराची गाठ बहुतेक वेळा दोन ते चार महिन्यांत आपली आपण बसते. सहा महिने कोणतीही गोळी द्या, शेवटी गाठ गेलेलीच असणार. त्यात भर म्हणजे टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन या बार्टोनेलावरही चालतं. म्हणजे गोळ्यांनी गुण आला तरी निदान बरोबर होतं असं ठरत नाही. पोरीच्या नावावर जन्मभरासाठी 'टीबी होऊन गेला' एवढं मात्र लिहिलं जातं. ज्या गोळ्यांनी यकृतावर ताण येऊ शकतो त्या नऊ वर्षांच्या मुलीला सहा महिने द्यायच्या तर त्या कशासाठी, हे माहीत असलेलं बरं.

मग करायचं काय? सीबीनॅट किंवा ट्रूनॅट नावाची तपासणी मागा. यात नमुन्यात टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश आहे का आणि तो जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतो का, दोन्ही कळतं, आणि काही तासांचं काम असतं. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं काढलेलं यंत्र आहे. सरकारी क्षयरोग विभागात ही तपासणी फुकट होते. आधी सुईनं काढलेला नमुना उरला नसेल तर पुन्हा सुई घालावी लागेल, पोरगी थोडी रडेल, पण तेवढं सोसू द्या. त्याच नमुन्यातला थोडा भाग टीबीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, लावायला सांगा. त्याचा निकाल यायला सहा आठवड्यांपर्यंत लागतात, पण सीबीनॅटमध्ये न सापडलेला टीबी त्यात कधीकधी सापडतो. सुईच्या वेळच्या काचपट्ट्या परत मिळतात, मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात.

मांजराच्या आजारासाठी रक्ताची तपासणी असते, बार्टोनेला आयजीजी. या जंतूशी लढायला शरीरानं केलेली प्रतिपिंडं तीत मोजतात, दुसरा आकडा मोठा तितकी ती जास्त. ती सगळीकडं होत नाही, नमुना बाहेरगावच्या मोठ्या लॅबला पाठवावा लागतो आणि खर्च होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी टीबीची फुकटची तपासणी, तिच्यात जंतू सापडला नाही तर ही. रिपोर्टात आकडा १:६४ पेक्षा कमी असेल तर हा आजार नसण्याकडं कल. १:२५६ किंवा त्याहून वर असेल तर नुकताच संसर्ग झाल्याची दाट शक्यता. मधला आला तर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून आकडा चढतोय का बघायचं. ज्यांच्या घरी मांजरं असतातच त्यांच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या खुणा असू शकतात, म्हणून नुसत्या आकड्यावर निकाल देऊ नये. गाठीतल्या पुवातून पीसीआर, म्हणजे या जंतूच्या जनुकीय अंशाची तपासणी, करता आला तर उत्तर जास्त खात्रीचं. पूर्वी यासाठी हातावर टोचायची चाचणीही होती, ती आता कुणी करत नाही. कुणी सुचवली तर नको म्हणा.

पण खरं सांगू का, निदानाची अर्धी बाजी माहितीनं मारली जाते. डॉक्टर विचारतात ताप किती, खोकला आहे का, घरात कुणाला टीबी. मांजर आहे का हे गर्दीत कुणी विचारत नाही, आणि आपण सांगत नाही, कारण आपल्या घरात मांजर म्हणजे चूल-जातं असल्यासारखंच. भात भरून ठेवलंय तर उंदरांसाठी मांजर हवंच, त्यात सांगायचं काय! बेळगावला सिव्हिलमध्ये गेलात तर डॉक्टर मैसूर-दावणगेरीकडचे असतात, मराठी त्यांना कळेलच असं नाही. एक कन्नड वाक्य पाठ करून जा: 'मनेयल्ली बेक्किन मरी इदे, परचिदे.' घरात मांजराचं पिल्लू आहे, ओरखडलंय. ओरखडा सापडला नाही तर शेवटचा शब्द सोडून द्या, उरलेलं तरी सांगाच. पिल्लाचा तो खांद्यावरचा फोटोही दाखवा. आता बसला बायकांना तिकीट नाही, पण मजुरी बुडते आणि दिवस मोडतो, म्हणून एकाच फेरीत सगळे कागद, जुन्या गोळ्यांची पाकिटं आणि काचपट्ट्या पिशवीत घालून न्या.

गाठीशी घरी काही करू नका. बिब्बा घालू नका, चुना-गुळाचा लेप लावू नका, दाबून 'पिकवू' नका. बिब्ब्यानं भाजलेल्या मानेची पोरं मी बघितली आहेत, गाठ गेली आणि डाग जन्माचा राहिला. सूज लवकर उतरावी म्हणून कुणी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देऊ लागला तर निदान होईपर्यंत नको म्हणा. गाठ तात्पुरती बसते आणि आत टीबी किंवा दुसरं काही मोठं दुखणं असेल तर ते झाकलं जातं. लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन असल्या गोळ्यांचंही तेच. त्या टीबीच्या जंतूला अर्धवट मारतात आणि पुढची तपासणी फसते.

गाठ लाल, मऊ होऊन आत पू लागला तर काय, याची गोष्ट माझ्याच हातची आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका मुलाच्या मानेची अशीच पिकलेली गाठ मी चिरा देऊन मोकळी केली. गळवाला देतात तसा. जखम भरेना. तीन महिने तिच्यातून पाणी येत राहिलं, त्याची आई दर आठवड्याला पट्टी बदलायला यायची आणि मी दर वेळी 'पुढच्या आठवड्यात भरेल' म्हणायची. टीबी निघाला नाही. शेवटी एकदा तो मुलगा बाहेर बाकावर बसला असताना त्याच्या दप्तरातून मांजराचं पिल्लू निघालं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात पाच मांजरं होती. मी एकदाही विचारलं नव्हतं. अशा गाठीला चिरा द्यायचा नसतो. बाजूच्या चांगल्या कातडीतून जाड सुई नेऊन पू ओढून घ्यायचा असतो, लागलं तर दोन-तीनदा. मांजराच्या आजारात दहातल्या एखाद-दोन गाठींत पू होतो, म्हणून तुमच्या मुलीची गाठ मऊ लागू लागली तर हे लक्षात असू द्या. टीबीच्या गाठीलाही चिरा दिला की हीच गत होते.

मांजराचाच आजार ठरला तर उपचार थोडका आहे. पुष्कळ मुलांना औषधच लागत नाही. गाठ मोठी आणि दुखरी असेल तर अॅझिथ्रोमायसिन पाच दिवस देतात, मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरच ठरवतील. त्यानं पहिल्या महिन्यात गाठ लवकर बारीक होते. पाच दिवस झाले आणि गाठ तशीच आहे म्हणून घाबरू नका, ती हळूहळूच जाते. याआधीच्या दोन औषधांनी गुण आला नाही यातही वेगळं काही नाही. घशाच्या दुखण्याला नेहमी देतात त्या अमोक्सिसिलिनसारख्या गोळ्या या जंतूवर प्रत्यक्षात फारशा चालत नाहीत. ठणका असेल तर पॅरासिटामॉल आणि कोमट पाण्याचा कपडा पुरे. मात्र नजर अंधूक झाली, डोळा लाल झाला, झटका आला, पोरगी बरळू लागली, किंवा ताप आठवडाभर उतरेना आणि पोट दुखू लागलं, तर थांबू नका. क्वचित हा जंतू डोळा, मेंदू, यकृत, पाणथरीपर्यंत जातो. आणि दोन्ही तपासण्यांत काहीच सापडलं नाही, गाठ वाढतच राहिली, किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर दुसरी कडक गाठ आली, तर अख्खी गाठ काढून तपासायला डॉक्टर सांगतील. त्याला मागंपुढं पाहू नका. लिम्फोमासारखा ग्रंथींचा कॅन्सर मांजरावर संशय घेत बसल्यानं हातचा निसटता कामा नये.

तिचं ताट आजच इतरांच्या ताटात मिसळा. मांजराचा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. आणि समजा टीबी निघाला तरी छाती साफ असताना, नुसत्या मानेच्या गाठीतला टीबी ताट-वाटीनं, पेल्यानं, शेजारी झोपल्यानं पसरत नाही. जो पसरतो तो फुप्फुसाचा, खोकल्यातून. म्हणजे दोन्हीकडून वेगळं ताट ठेवायला काही आधार नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगितलंत तर भांडण होईल. डॉक्टरांकडं त्यांनाच बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. टीबी ठरलाच तर औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतं आणि पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, तेव्हा नाव नोंदवायला लाजू नका. शाळाही बंद ठेवू नका.

राहिलं पिल्लू. पोत्यात घालून नदीपलीकडं सोडलं तर पोरीचा आजार एका दिवसानंही कमी होणार नाही. पलीकडच्या गावातल्या कुणाच्या तरी खांद्यावर ते बसेल, आणि तुमच्या भातावर उंदीर येतील म्हणून पुढच्या महिन्यात दुसरं पिल्लू घरात येईल. मालकांना सांगा, पिसवा घालवायच्या आहेत, मांजर नाही. पिल्लाला मांडीवर घ्या, खाली पांढरा कागद पसरा आणि उवांची बारीक फणी शेपटीच्या मुळाशी, मानेवर फिरवा. फणी नवी, मुलीची नको. काळे बारीक कण कागदावर पडतील. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. माती असेल तर काळीच राहील. कणांभोवती गंजासारखा तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. मी हे पोरांना करून दाखवते, त्यांना फार आवडतं. डाग पडला तर गुरांच्या दवाखान्यात पिल्लू न्या. फिप्रोनिलचे थेंब मानेवर सोडतात, पण पिल्लाचं वय-वजन बघून तेच सांगतील. कुत्र्याच्या पिसवांचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावू नका, मांजर मरतं. फिनाईलही नको, ते पंजे चाटतं. ते झोपतं ती गोधडी गरम पाण्यानं धुऊन कडक उन्हात घाला, नाहीतर अंडी तिथंच राहतात. नखांची टोकं तेवढी कापून घ्या. जखमेवर त्याला चाटू देऊ नका. घरात कुणाच्या हृदयाची झडप खराब असेल किंवा कुणाला कॅन्सरचं औषध चालू असेल तर त्यांनी मात्र पिल्लापासून लांब राहावं, त्यांना हा जंतू महागात पडतो.

आणि हे सगळं बोलताना रेबीजचं विसरून चालणार नाही. मांजराच्या ओरखड्यानंही रेबीज होतो, आणि झाला की इलाज नाही. ही गाठ ओरखड्याची असेल तर तो लागून महिना उलटला आणि पिल्लू ठणठणीत आहे, म्हणून त्या ओरखड्याची आता काळजी नको. ओरखड्यानंतर दहा दिवस मांजर धडधाकट राहिलं तर त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पण यापुढं नख लागलं की वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट काही भरू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं असेल तर त्याच फेरीत गुरांच्या दवाखान्यात त्याचीही लस टोचून घ्या.

सीबीनॅटचा आणि पुढं रक्ताचा रिपोर्ट आला की मला फोटो पाठवा. 'नॉर्मल आहे म्हणाले' एवढंच लिहू नका, सगळ्या ओळी दिसतील असा सरळ वरून काढा. पिल्लू त्यात आलं तरी चालेल.